मूस, सांबर, भेकर, पिसोरी: कोण कुणाचा भाऊबंद? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली भागातल्या शाळांमध्ये शनिवारी सकाळी मी जंगली प्राण्यांची चित्रं दाखवतो. वाघ-बिबट्याला टाळ्या मिळतात, पण सगळ्यांत जास्त हात वर होतात ते मूसच्या चित्राला. हे थोराड, लांबनाक्या, सुपासारख्या शिंगांचं जनावर हरणात मोडतं, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. नंतर पालक फोन करतात, शिक्षक मेसेज पाठवतात, सागरेश्वरला सहल नेणारे विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. मूस म्हणजे नेमका कोणता प्राणी? आपल्याकडे आहे का?

मूस हे आज जिवंत असलेलं जगातलं सर्वांत मोठं सारंग, म्हणजे फाटेदार भरीव शिंगांचं हरीण. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडपासून रशियाभर, मंगोलिया आणि चीनच्या उत्तर टोकापर्यंत, आणि समुद्रापलीकडे अलास्का, कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात तो राहतो. भारतात तो जंगली अवस्थेत कुठेही नाही.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो: मोठा नर खांद्याशी २ मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्या खिलार बैलाच्या पाठीवरून तो सहज पलीकडे बघेल. वजन ठिकाणाप्रमाणे बदलतं. अलास्कातले मोठे नर ६०० किलोच्या पुढे जातात. कोयनेच्या जंगलातलं भेकर २०-२५ किलोचं असतं, आणि हे दोघं एकाच कुळातले.

२. मूस, एल्क, वापिती ही तीन नावं वाचली. तिन्ही एकच का?

दोन प्राणी आहेत आणि नावांची अदलाबदल झाली आहे. युरोपात इंग्रजी बोलणारे ज्याला ‘एल्क’ म्हणतात, तोच अमेरिकेतला ‘मूस’. मूस हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्वियन भाषांमधून आला आहे. युरोपातून गेलेल्या वसाहतकऱ्यांनी मात्र तिथल्या दुसऱ्याच एका मोठ्या हरणाला एल्क म्हणायला सुरुवात केली. तो वापिती, काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातलग. म्हणून अमेरिकेतल्या लेखात ‘एल्क’ वाचलं तर वापिती समजा, स्वीडनमधल्या बातमीत वाचलं तर मूस. यात भर म्हणजे श्रीलंकेतले ब्रिटिश शिकारी सांबरालाच एल्क म्हणायचे, त्यामुळे जुनी शिकारवर्णनं वाचताना जपून.

मराठीत याला स्वतःचं नाव नाही. विटा-खानापूर भागात कार्यक्रम असला की हमखास हशा होतो, कारण तिथे घरटी कुणीतरी गलाईच्या धंद्यात असतं आणि त्यांच्यासाठी मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं. ती मूस वेगळी, हा मूस वेगळा.

३. दिसायला तर तो गव्यासारखा किंवा म्हशीसारखा आहे. मग हरीण कसा?

हा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत चांगलाही. उत्तर शिंगात आहे.

बेंदराच्या आधी बैलाची शिंगं साळताना तुम्ही पाहिली असतील. वरून जो पापुद्रा निघतो तो नखासारखाच पदार्थ असतो, केराटिन. आत हाडाचा गाभा आणि त्यावर हे आवरण, अशी बैल, म्हैस, गवा, शेळी, मेंढी, काळवीट या सगळ्यांची शिंगं असतात. ती आयुष्यभर वाढतात, गळत नाहीत आणि त्यांना फाटे फुटत नाहीत. हे गवयाद्य कुळ.

सारंगाचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते दरवर्षी नव्याने उगवतं. वाढत असताना त्यावर मऊ केसाळ कातडी असते, तिला मखमल म्हणतात. तिच्यातून रक्त खेळतं आणि हात लावला तर ती गरम लागते. वाढ पूर्ण झाली की मखमल सुकते, नर झाडाझुडपांवर घासून ती काढून टाकतो आणि आतलं टणक हाड उघडं पडतं. विणीचा हंगाम संपला की कवटीच्या जोडापाशी हाड विरघळतं आणि अख्खं शिंग गळून पडतं. मूस हेच करतो. वसंतात सुरुवात, ऑगस्टअखेर शिंगं तयार, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माज, आणि थंडीत शिंगं गळतात. मोठ्या नराच्या शिंगांचा पसारा दीड मीटरच्या पुढे सहज जातो. एवढं हाड पाच महिन्यांत उगवायचं म्हणजे शरीराला किती चुना लागत असेल! अन्नातून तो पुरत नाही, तेव्हा नर स्वतःच्या बरगड्यांसारख्या हाडांतूनही तो उसना घेतो आणि पुढे भरून काढतो.

गवा अंगाने मूसच्या जवळ वाटला तरी त्याचं शिंग बैलाच्या जातीचं आहे. थोराड अंगावरून कूळ ठरत नाही.

४. सारंग आणि कुरंग यांत फरक काय? सागरेश्वरला दोन्ही बघायला मिळतात असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. वर सांगितलेली दरवर्षी गळणारी, भरीव, फाटेदार शिंगं ज्यांना ते सारंग: सांबर, चितळ, भेकर, मूस. कायमची, पोकळ आवरणाची शिंगं ज्यांना ते कुरंग: काळवीट, चिंकारा, चौशिंगा. बोलताना आपण सगळ्यांना हरीणच म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. पण कुळाच्या हिशेबाने सागरेश्वरचं काळवीट तुमच्या गोठ्यातल्या शेळीच्या जवळचं आहे, शेजारच्या चितळाच्या नाही.

कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवरचं सागरेश्वर अभयारण्य साधारण ११ चौरस किलोमीटरचं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर माणसांनी उभं केलेलं ते जंगल आहे. एकाच कुंपणात सांबर, चितळ आणि काळवीट दाखवता येतात, म्हणून हा धडा शिकवायला मला याहून सोयीची जागा माहीत नाही. मुलांना नेलंत तर आधी शिंगांकडे बघायला सांगा, ठिपक्यांकडे नंतर.

५. मूसचं शास्त्रीय नाव काय, आणि ‘वंश’ कशाला म्हणायचं?

नाव आहे आल्सेस आल्सेस. पहिला शब्द वंशाचा (जीनस), दुसरा जातीचा (स्पीशीज). वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द दोन्हींसाठी वापरतात, म्हणून इथे मी वंश आणि जाती असंच लिहितो.

स्वीडनचे लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याचं नाव सर्व्हस आल्सेस असं ठेवलं. म्हणजे लाल हरणाच्याच वंशात त्यांनी मूसला बसवलं होतं. रेनडियरही तिथेच, रो हरीणही तिथेच. त्या काळी शिंगं फाटेदार दिसली की एवढं पुरे होतं. पुढे १८२१ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी मूसला आल्सेस हा स्वतंत्र वंश दिला. आज या वंशात मूसखेरीज जिवंत असं दुसरं कुणी नाही (जाती एक की दोन, हा वाद प्रश्न ९ मध्ये).

६. सारंग कुळात मूसची जागा कुठे?

कूळ सर्व्हिडे, आपल्या भाषेत सारंग कूळ. त्याच्या दोन मोठ्या शाखा आहेत आणि त्या ओळखायची खूण पायात दडलेली आहे.

शेळीचा पाय आठवा. मधे दोन खुरं टेकतात आणि मागे वर दोन छोटी खुरं लटकतात. ही लटकती खुरं म्हणजे मागे पडलेली दोन बोटं. सारंगांच्या पुढच्या पायात या बोटांची तळहातातली हाडं झिजत झिजत काड्यांएवढी उरली. एका शाखेत काडीचा वरचा तुकडा उरला, म्हणजे मनगटाकडचा. दुसऱ्या शाखेत खालचा, खुराकडचा. सर व्हिक्टर ब्रुक यांनी १८७८ मध्ये या फरकावरून कुळाची विभागणी मांडली. शंभर वर्षांनंतर जनुकं वाचता यायला लागली, तेव्हा जनुकांनीही ढोबळमानाने तीच दोन घरं दाखवली. पायाच्या एवढ्याशा काडीवरून काढलेला निष्कर्ष इतका टिकावा, याचं मला आजही नवल वाटतं.

वरचा तुकडा उरलेल्यांत आपले सांबर, चितळ, भेकर, काश्मीरचा हंगुल, मध्य भारतातला बारशिंगा, मणिपूरचा संगाई. खालचा तुकडा उरलेल्यांत मूस, रेनडियर, युरोपातलं रो हरीण आणि अमेरिका खंडातली बहुतेक सारंगं. भारतातली सगळी जंगली सारंगं पहिल्या घरातली आहेत. मूसच्या घरातलं एकही आपल्याकडे नाही.

७. म्हणजे सांबर मूसचा जवळचा भाऊ नाही? दोघंही पाण्यात उभे असतात, दोघंही धिप्पाड.

नाही. भाऊबंदकी कुळापुरती आहे, घर वेगळं (प्रश्न ६). साम्य आहे ते राहणीचं. शिवसागरच्या काठाला सांबर पोटापर्यंत पाण्यात उतरतात, तसा मूस तळ्यात उतरतो, आणि पुढे जाऊन चक्क बुडी मारून तळाच्या वनस्पती उपटतो. त्याच्या जंगलातल्या विलो-बर्चच्या डहाळ्यांत मिठाचा अंश फार कमी असतो, पाणवनस्पतींत तो भरपूर. आपण गुरांना मिठाचा खडा चाटायला ठेवतो, तीच गरज. पाण्याखाली नाकपुड्या मिटून घेता येतात, हा त्या मोठ्या नाकाचा एक उपयोग.

मूसला जवळचे म्हणाल तर रो हरीण आणि रेनडियर यांच्या बाजूचे (त्यांची आपसांतली नेमकी मांडणी अभ्यासागणिक थोडी बदलते). आणि याच घरात दक्षिण अमेरिकेतला पुडूही आहे. त्याची उत्तरेकडची जात खांद्याशी जेमतेम ३५ सेंटिमीटर उंच. जगातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत छोटं सारंग एकाच घरातले.

८. चांदोलीच्या जंगलातल्या पिसोरीला ‘माउस डिअर’ म्हणतात. ती मूसचीच छोटी जात का?

हा गोंधळ उच्चारातून होतो आणि मोठी माणसंही त्यात सापडतात. माउस म्हणजे उंदीर, मूसशी त्याचा संबंध नाही. पण यात याहून मोठी गोष्ट आहे: पिसोरी सारंगही नाही आणि कुरंगही नाही.

तिचं कूळ वेगळं, ट्रॅग्युलिडे. रवंथ करणाऱ्यांच्या झाडाची ती फार जुनी फांदी आहे, बैल आणि सांबर एकमेकांपासून वेगळे व्हायच्या कितीतरी आधी फुटलेली. नरालाही शिंगं नसतात, त्याऐवजी वरचे सुळे बाहेर डोकावतात. गाईच्या किंवा सांबराच्या पोटाला चार कप्पे असतात, हिचा तिसरा कप्पा जवळजवळ नसल्यातच जमा. वजन ३ किलोच्या आसपास, अंगावर पांढरे पट्टे-ठिपके, रात्री फिरणारी, पाचोळ्यात गोठून उभी राहिली तर दोन हातांवरून दिसणार नाही. पिसोरी आणि पुडू शेजारी उभे केले तर कुणीही त्यांना बहीण-भाऊ म्हणेल. प्रत्यक्षात पुडूचं नातं ६०० किलोच्या मूसशी आहे.

९. मूसची जात एक की दोन?

बहुतेक अभ्यासक एकच मानतात, तिच्या अनेक उपजातींसह. काहीजण युरोपातला एक आणि अमेरिका व पूर्व सायबेरियातला दुसरा, अशा दोन जाती करतात. त्यांचा मोठा आधार गुणसूत्रांचा: युरोपातल्या मूसची ६८, तिकडच्याची ७०. शिंगांची ठेवण आणि अंगाचा आकारही थोडा वेगळा.

मला स्वतःला एकच जात पटते. आजच्या सगळ्या मूसांची फाटाफूट जनुकांच्या हिशेबाने फार जुनी नाही. अमेरिकेत ते शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीला, सायबेरिया-अलास्का जोडणाऱ्या जमिनीवरून पोचले. आणि गुणसूत्रांच्या आकड्यावर किती विसंबायचं याचं उदाहरण आपल्या भेकरात आहे. भेकराच्या मादीत अवघी ६ गुणसूत्रं आणि नरात ७, सस्तन प्राण्यांतली सर्वांत कमी. त्याच वंशातल्या चिनी भेकराची ४६. दिसायला दोघं जवळपास सारखे. गुणसूत्रं एकमेकांना जोडली जाऊन आकडा घटतो, आतला मजकूर फारसा हरवत नाही. ६८ आणि ७० मधला फरकही जोडणीचाच आहे. पुस्तकात दोन जाती दिसल्या तर ते चुकीचं छापलंय असं समजू नका, मतभेद आहे इतकंच.

१०. मादीला शिंगं असतात का? आणि शिंगंच नसलेलं सारंग असतं का?

मूसच्या मादीला नसतात, सांबर-चितळाच्या मादीलाही नसतात. अख्ख्या कुळात फक्त रेनडियरच्या मादीला नेमाने शिंगं येतात. गाभण मादी ती थंडीभर बाळगते आणि बर्फ उकरून काढलेला चारा इतरांपासून राखते.

उलट चीन-कोरियातल्या पाणहरणाच्या नरालाही शिंगं येत नाहीत, त्याला लांब सुळे असतात. तरी तो पक्का सारंग आहे, तोही मूसच्याच घरातला, रो हरणाच्या जवळचा. मग पिसोरी बाहेर आणि हा आत का? कारण याच्या पूर्वजांना शिंगं होती आणि ती पुढे गेली. पिसोरीच्या पूर्वजांना ती कधी आलीच नव्हती. भेकराकडे दोन्ही आहे: छोटी शिंगं आणि सुळेही.

११. मग कस्तुरीमृग?

तोही सारंग कुळाबाहेर, स्वतःच्या कुळात. शिंगं नाहीत, आणि पित्ताशय आहे. सारंगांना पित्ताशय नसतं. आपल्या भागात तो नाही, हिमालयात आहे.

१२. ‘आयरिश एल्क’ हा मूसचा पूर्वज होता का?

नावात एल्क आहे म्हणून तसं वाटतं (नावांचा घोळ प्रश्न २ मध्ये). त्या नामशेष प्राण्याच्या शिंगांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत होता आणि ती मूससारखी पसरटही होती. पण जनुकं तपासली तेव्हा त्याचं नातं युरोपातल्या फॅलो हरणाशी निघालं, म्हणजे आपल्या चितळ-सांबराच्या घरातलं.

मूसचे खरे नामशेष नातलग सर्व्हाल्सेस वंशातले. त्यांतला एक उत्तर अमेरिकेत हिमयुगाच्या अखेरीपर्यंत होता. युरोपातला दुसरा आजच्या मूसहूनही थोराड. काही अभ्यासक त्यांनाही आल्सेसमध्येच धरतात.

१३. मूसला वशिंड आणि पोळी असते का?

दोन्ही असतात, पण बैलासारखी नव्हेत. खांद्यावरचा उंचवटा मणक्यांच्या लांब काट्यांवर चढलेल्या स्नायूंचा असतो. जड डोकं आणि शिंगं पेलायला ते स्नायू लागतात. गळ्याखाली केसाळ कातडीचा लोंबता तुकडा असतो, नराचा मोठा. माजावर आलेल्या नराचा वास पसरवायला त्याचा उपयोग होतो असं मानतात.

पाय इतके लांब आणि मान इतकी आखूड की जमिनीवरचं गवत खाताना तो बऱ्याचदा पुढचे गुडघे टेकतो. ज्युलियस सीझरने मात्र या प्राण्याच्या पायांना सांधेच नसतात आणि तो झाडाला टेकून झोपतो असं लिहून ठेवलं होतं.

१४. महाबळेश्वर थंड आहे. तिथे मूस जगेल का?

नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. वेण्णा लेकला दवाचे हिमकण झाले की आपल्याकडे बातमी होते. मूसला ती थंडी जाणवणारही नाही. त्याचा केस जाड आणि आतून पोकळ असतो. उन्हाळ्यात पारा १४-१५ अंशांच्या वर गेला की त्याला उष्म्याचा त्रास सुरू होतो, २० च्या वर तो तोंड उघडून धापा टाकायला लागतो. महाबळेश्वरचा मे महिना त्याच्यासाठी भट्टी ठरेल, आणि कृष्णाकाठची सांगली तर विचारूच नका.

थंड मुलुखात मात्र तो झपाट्याने पसरतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर तो मुळात नव्हता. १९०४ मध्ये चार जनावरं आणून सोडली आणि आज तिथे हजारो मूस आहेत. उलट अमेरिकेच्या ईशान्य भागात थंडी उशिरा पडायला लागल्यापासून हिवाळी गोचीड इतके माजलेत की एकेका पाडसावर हजारोंनी बसतात आणि ती रक्त जाऊन मरतात. ज्यांच्या गोठ्यात गुरं आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगायची गरज नाही.

१५. आमच्याकडे सांबरालाच बारशिंगा म्हणतात. चूक आहे का?

बोलीत चालतं, नोंदवहीत नको. सांबराच्या एका शिंगाला साधारण तीन टोकं, म्हणजे दोन्ही मिळून सहा. खरा बारशिंगा कान्हाच्या कुरणांत आणि तराईत आहे, सह्याद्रीत नाही.

१६. कोयनेच्या बाजूला फिरताना सांबराचं गळलेलं शिंग सापडलं. आपोआप पडलेलं आहे, घरी नेलं तर चालेल ना?

चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गळलेलं शिंगसुद्धा धरलेलं आहे. ते शासनाची मालमत्ता असतं आणि परवानगीशिवाय उचलणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. दिवाणखान्यातली जुनी शिंगं पाहून ‘त्यांना चालतं मग आम्हाला का नाही’ असं विचारतात. त्यातल्या काहींची कायद्यानंतर रीतसर नोंद झालेली असते, त्यावरून नव्याला परवाना मिळत नाही. शिवाय ते शिंग जंगलात वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडतात, आणि चुना परत मातीत जातो.

फोटो जरूर घ्या, आणि घेताना शिंगाचं मूळ बघा. तिथे खडबडीत, किंचित फुगीर गोल तळ दिसला तर ते प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे आपणहून गळलेलं आहे. जागा आणि तारीख लिहून ठेवा, ती उपयोगी नोंद आहे. मुळाशी कवटीचा तुकडा चिकटलेला असेल, किंवा करवतीने सपाट कापल्याची खूण असेल, तर ते गळलेलं नाही. तो नर मेला आहे किंवा मारला गेला आहे. अशा वेळी काही हलवू नका, जागा लक्षात ठेवा आणि जवळच्या वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.